पशुरुग्णालयाचा लोगो: ठाणे-नवी मुंबईतले डॉक्टर वारंवार विचारतात ते प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत प्राण्यांचा दवाखाना काढणारे, किंवा जुन्या दवाखान्याचा चेहरा बदलू पाहणारे डॉक्टर आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलंय. कायद्याच्या गोष्टी कामापुरत्या सांगितल्या आहेत. अर्ज किंवा करार करताना वकिलाला दाखवा. घाई असेल तर ४, ६ आणि १३ एवढे तरी वाचा.

१. लोगो म्हणजे चित्र, की नाव, की दोन्ही?

दोन्ही, पण आमच्या मते नाव आधी. रात्री एक वाजता कुत्र्याने उंदराचं औषध खाल्लंय, मालक रिक्षात बसून फोनवर कुणीतरी सांगितलेलं नाव शोधतोय. त्या माणसाला चित्राचं कौतुक नसतं. अक्षरं वाचता आली पाहिजेत. त्यामुळे आम्ही काम सुरू करतो ते नावाच्या अक्षरांपासून. चिन्ह नंतर येतं, आणि ते एकट्यानेही उभं राहू शकेल असं करतो, कारण व्हॉट्सअ‍ॅपच्या गोल डीपीत पूर्ण नाव मावत नाही.

२. पंजाचा ठसा टाकला तर बिघडतं काय? सगळेच टाकतात.

सगळेच टाकतात, तेच बिघडतं. खारघर किंवा कोलशेतच्या कुठल्याही रस्त्याने चालत जा. दवाखाना, ग्रूमिंगवाला, खाद्याचं दुकान, डॉग हॉस्टेल, सगळीकडे तोच पंजा. ग्राहकाला ‘इथे प्राण्यांचं काहीतरी आहे’ एवढं कळतं. तुमचं दार कुठलं ते कळत नाही.

तरीही पंजाच हवा असेल तर निदान बरोबर काढा. कुत्र्या-मांजराच्या ठशात बोटांच्या चार गाद्या आणि मागे एक मोठी गादी असते. बोटांच्याच पाच गाद्या असलेले पंजे बोर्डावर सर्रास दिसतात आणि ते पशुवैद्याच्या दारावर बघून हसू येतं. कुत्र्याच्या ठशात नखांच्या खुणा उमटतात, मांजर नखं आत ओढून चालतं म्हणून त्याच्या ठशात सहसा उमटत नाहीत. गाय-शेळीचा खूर दुभंगलेला. पोपटाची दोन बोटं पुढे, दोन मागे. एवढे चार ठसे नीट काढले तरी तुमचा बोर्ड शेजारच्यापेक्षा वेगळा वाटेल.

३. मग वेगळं असं दाखवायचं काय? आमच्या दवाखान्यात खास काही नाही.

असतं. फक्त डॉक्टरांना ते दिसत नाही, कारण ते आत बसलेले असतात. आम्ही पहिला प्रश्न रिसेप्शनवरच्या ताईंना विचारतो: लोक फोनवर पत्ता विचारताना तुमचा दवाखाना कसा ओळखतात? ‘ते निळ्या दाराचं’, ‘जिथे मांजरांची वेगळी खोली आहे ते’, ‘पक्ष्यांचे डॉक्टर’. या उत्तरांत लोगो अर्धा झालेला असतो.

मांजरांसाठी वेगळी बसायची जागा असेल तर तीच दाखवा. मांजर पाळणाऱ्यांना तिचं मोल ठाऊक आहे. हाडांची शस्त्रक्रिया हे तुमचं मुख्य काम असेल, तर तीन पायांवर ऐटीत उभं असलेलं कुत्रं कुणी विसरणार नाही. भिवंडी-शहापूरकडच्या गोठ्यांवर जात असाल तर गाय किंवा शेळी टाका. शहरातले बहुतेक दवाखाने त्यांना विसरलेत, त्यामुळे ती जागा मोकळी आहे.

दुसरा मार्ग अक्षरांतून जातो. ‘ह’च्या खालच्या वळणात झोपलेलं मांजर बसतं. मराठी ‘ल’च्या दोन पाकळ्यांत दोन प्राणी पाठीला पाठ लावून बसू शकतात. ‘ट’ हे तर अंगाची गुंडाळी करून पडलेलं कुत्रंच. असं चिन्ह इंग्रजी टेम्प्लेटांच्या साठ्यात सापडणार नाही, म्हणजे दुसऱ्या कुणाकडे असण्याची शक्यताही कमी.

स्थानिक प्राणी सुचवणारे खूप असतात. फ्लेमिंगो सुंदर आहे, ठाणे खाडीच्या अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जाही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून) मिळाला. पण नवी मुंबईत तो भिंतींपासून बिल्डरांच्या माहितीपत्रकांपर्यंत सगळीकडे झालाय, आणि तो तुमचा पेशंट नाही. येऊरचा बिबट्या? तो कुत्री खातो. दवाखान्याच्या दारावर त्याला उभं करण्याआधी थोडा विचार करा.

४. लाल प्लस चालेल ना? डॉक्टरांचंच चिन्ह आहे ते.

नाही. पांढऱ्यावर लाल क्रॉस हे रेडक्रॉसचं संरक्षित चिन्ह आहे, युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांसाठीचं. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ते चालत आलंय. भारतात ‘जिनिव्हा कन्व्हेन्शन्स अ‍ॅक्ट, १९६०’ च्या कलम १२ नुसार केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते कुठल्याही कामासाठी वापरता येत नाही, आणि त्याच्याशी गल्लत होईल अशी नक्कलही चालत नाही. कलम १३ मध्ये दंड आणि माल जप्तीची तरतूद आहे. दंड फक्त ५०० रुपयांपर्यंत आहे, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण उद्या नोटीस आली तर बोर्ड, फायली, गणवेश सगळं बदलायचा खर्च तुमचा.

रंग उलटे करून, म्हणजे लालवर पांढरा क्रॉस, ही पळवाट सुचवली जाते. ते स्वित्झर्लंडचं राष्ट्रचिन्ह आहे, आणि व्यापारचिन्ह म्हणून त्याचा वापर १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराने वर्ज्य केलाय. हिरवा किंवा निळा प्लस वापरता येतो, मात्र तो औषधाच्या दुकानासारखा दिसतो. मला विचाराल तर प्लसच सोडा.

५. काठीला साप असलेलं चिन्ह? एक साप की दोन?

एक. एकच साप वेढलेली साधी काठी ही ग्रीक वैद्यदेवता अ‍ॅस्क्लेपियसची. दोन साप आणि वर पंख असलेली काठी हर्मिसची. तो देवांचा निरोप्या आणि व्यापाराचा देव, वैद्यकाशी त्याचा संबंध नाही. अमेरिकी लष्कराच्या वैद्यकीय विभागाने १९०२ मध्ये दोन सापांची काठी घेतली, तेव्हापासून हा घोळ जास्तच पसरला.

इंग्रजी ‘व्ही’ अक्षरावर एक साप, हे चिन्ह जगभरचे पशुवैद्य वापरतात. व्यवसाय सांगायला ते ठीक, पण ते सगळ्यांचं असल्याने तुमची ओळख होत नाही. शिवाय साप दिसला की ‘सर्पमित्र का?’ असं विचारत पावसाळ्यात फोन येतात, तेही लक्षात ठेवा. बोर्डाच्या कोपऱ्यात लहान ठेवा, मुख्य चिन्ह करू नका.

६. लोगो इंग्रजीत आहे. बोर्डावर खाली लहान अक्षरांत मराठी टाकलं तर चालेल का?

चालणार नाही. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यात (२०१७) २०२२ मध्ये कलम ३६अ आलं. त्यानुसार नामफलक देवनागरी लिपीतल्या मराठीत हवा. दुसऱ्या भाषेत नाव लिहायला मनाई नाही, पण मराठी आधी आणि मराठी अक्षरांचा आकार दुसऱ्या भाषेपेक्षा लहान नको. ‘कामाला माणसं दहापेक्षा कमी आहेत, म्हणून नियम लागू नाही’ ही सबब २०२२ च्या दुरुस्तीने संपली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्यापाऱ्यांना दोन महिन्यांत मराठी पाट्या लावायला सांगितलं.

आता गोम इथे आहे. इंग्रजी लोगोत नाव मोठं असेल, तर त्या मोठ्या अक्षरांएवढं मराठी वर लिहावं लागतं, आणि मग लोगो बोर्डावर पाहुण्यासारखा उपरा दिसतो. म्हणून लोगो देवनागरीत आधी आखून घ्या आणि इंग्रजी त्याच्या मापाने बसवा. संगणकावर दोन्हींच्या फॉन्टच्या मापाचा आकडा सारखा ठेवून भागत नाही: देवनागरीत वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे अक्षराचं अंग बारीक पडतं. ‘पशुवैद्यकीय’ हा शब्दच बघा, वर दोन चिन्हं, खाली उकार, मध्ये जोडाक्षर. शिरोरेषेपासून अक्षराच्या तळापर्यंतचं अंग मोजा आणि ते इंग्रजी कॅपिटलच्या उंचीएवढं तरी ठेवा.

७. आमच्या बोर्डावरचा ‘श’ आणि ‘ल’ हिंदी वाटतो असं एका आजोबांनी सांगितलं. खरंच काही फरक असतो?

असतो, आणि आजोबांचं बरोबर आहे. राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठीसाठी देठयुक्त ‘श’ आणि पाकळीयुक्त ‘ल’ ठरवलेत. बरेच फॉन्ट मुळात हिंदी वळणाचे, म्हणजे शेंडीचा ‘श’ आणि दंडाचा ‘ल’ दाखवतात. ‘पशु’मध्ये ‘श’, ‘हॉस्पिटल’मध्ये ‘ल’, त्यामुळे तुमच्या बोर्डावर ही दोन्ही हमखास येतात. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी रूपं दडलेली असतात, पण सॉफ्टवेअरमध्ये भाषा ‘मराठी’ निवडल्याशिवाय ती बाहेर येत नाहीत. डिझायनरला हे सांगायला दोन मिनिटं लागतात.

८. फुकट आणि चांगला देवनागरी फॉन्ट कोणता?

मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू, इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद. तिन्ही ओपन फॉन्ट परवान्यावर आहेत, व्यावसायिक लोगोत वापरता येतात. बालू गुबगुबीत आहे, पिल्लांच्या लसीकरणाला छान, पण रात्रीच्या इमर्जन्सीला जरा खेळकर वाटतो. अर्थात फॉन्ट जसाच्या तसा टाइप केला की तो लोगो होत नाही. दोन-तीन अक्षरं हाताने बदलून घ्या.

९. रंग कोणते घ्यावेत? कुत्र्यांना लाल दिसत नाही म्हणे.

कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल मळकट तपकिरीसारखा दिसतो, हे खरं. पण बोर्ड कुत्रं वाचत नाही, बिल भरणारा वाचतो. ही माहिती तपासणीच्या खोलीतल्या खेळण्यांसाठी वापरा.

बोर्डासाठी उन्हाचा विचार करा. फ्लेक्सवर छापलेल्या शाईत किरमिजी आणि पिवळा आधी उडतात, त्यामुळे लाल-केशरी लोगो दोन उन्हाळ्यांत फिका पडतो, निळा टिकतो. घोडबंदर रोडला धूळ इतकी की काळा बोर्ड आठवड्यात राखाडी होतो. दोन रंग पुरे, तिसरा हवाच असेल तर कारण हवं.

१०. चित्रात कुठला प्राणी, कुठली जात दाखवावी? आमच्याकडे सगळेच येतात.

विशिष्ट जातीपेक्षा साधी आकृती बरी. लॅब्राडोर काढला की गावठी कुत्र्याच्या मालकाला ‘हे आपल्यासाठी नाही’ असं वाटतं, आणि ठाण्यात गावठी कुत्री दत्तक घेणारे पुष्कळ आहेत. उभे कान, वर वळलेली शेपटी, एवढ्यात आपलं देशी कुत्रं ओळखू येतं.

चपट्या नाकाचा पग गोंडस दिसतो, पण त्या जातींना श्वासाचा त्रास असतो. अशा जाती जाहिरातीत वापरू नका अशी मोहीम ब्रिटनच्या पशुवैद्यक संघटनेने चालवली आहे. कान छाटलेला डॉबरमनही नको. दिसण्यासाठी कान-शेपूट कापू नका असं तुम्हीच मालकांना सांगत असता.

११. हिरवा पोपट आणि ठिपक्यांचं कासव टाकलं तर? मुलांना आवडतं.

गळ्यात लाल पट्टा असलेला आपला पोपट आणि तारांकित कासव, दोन्ही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) येतात. घरी पाळणं बेकायदा आहे. बोर्डावर त्यांना कुत्र्या-मांजराच्या रांगेत बसवलं की ‘पाळायला हरकत नाही’ असा अर्थ निघतो. पक्षीच हवा असेल तर बजरीगर किंवा कॉकाटिएल घ्या. परदेशी असल्याचं आकारावरून कळतं.

१२. दत्तगुरूंची चार कुत्री आणि गाय लोगोत घ्यायची आहेत. आमचं श्रद्धास्थान आहे.

भावना समजते, पशुवैद्याला दत्त आणि खंडोबा दोघेही जवळचे वाटणारच. पण लोगो केवळ बोर्डावर राहत नाही. तो लसीच्या कार्डावर, बिलावर, औषधाच्या पिशवीवर जातो आणि पिशवी कचऱ्यात जाते. धार्मिक भावना दुखावू शकेल अशा चिन्हाची नोंदणी ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ नुसार नाकारलीही जाते. तसबीर रिसेप्शनमागे लावा. लोगोत घ्यायचीच असली तर नुसती चार कुत्री एका ओळीत घ्या, जाणकाराला कळतील.

१३. डिझायनरला पूर्ण पैसे दिलेत. लोगो आमचाच झाला ना?

आपोआप होत नाही. इथेच सगळ्यात जास्त डॉक्टर अडकतात. कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) काढणारा हाच पहिला मालक. तुमच्याकडे पगारावर असलेल्या माणसाने नोकरीचा भाग म्हणून काढलं तर हक्क तुमचा, पण बाहेरच्या डिझायनरचं तसं नसतं. हक्क तुमच्याकडे यायला त्याच्या सहीचा लेखी करार लागतो. तोंडी शब्द किंवा पावती पुरत नाही.

करारात मुदत लिहिली नसेल तर कलम १९ नुसार हस्तांतर ५ वर्षांपुरतंच मानलं जातं. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरतं. आणि मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर तो निघून जातो, करारात वेगळं म्हटलं नसेल तर. म्हणून ‘कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर, वापर कधीही सुरू केला तरी’ एवढी वाक्यं करारात हवीत. एका पानाचा करार पुरतो. नाकारलेल्या नमुन्यांचं काय तेही त्यातच लिहा, नाहीतर तेच नमुने उद्या वाशीत दुसऱ्या दवाखान्यावर दिसतील.

१४. एआयवर किंवा कॅनव्हावर करून घेतला तर?

तात्पुरत्या बोर्डाला चालेल. कॅनव्हाच्या अटींनुसार त्यांच्या साठ्यातली तयार चित्रं वापरलेल्या लोगोवर तुम्ही ट्रेडमार्कचा एकट्याचा हक्क मागू शकत नाही, आणि तेच मांजर बेलापूरच्या ग्रूमिंगवाल्याकडेही असतं. एआयच्या चित्राचा लेखक कोण हा प्रश्न कायद्यात अजून मिटलेला नाही, म्हणजे प्र. १३ मधला करार करायचा कुणाशी? कल्पना सुचायला वापरा, अंतिम रेषा माणसाकडून काढून घ्या.

१५. ट्रेडमार्क कसा आणि कितीला?

ट्रेडमार्कसाठी वस्तू आणि सेवांचे क्रमांकवार वर्ग पाडलेत, पशुवैद्यकीय सेवा वर्ग ४४ मध्ये येतात. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योगासाठी प्रत्येक वर्गाला ४,५०० रुपये, इतरांसाठी ९,०००. असंच चिन्ह आधी कुणी नोंदवलंय का, ते ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या साइटवर शोधा. अर्ज स्वीकारला की तो रजिस्ट्रीच्या जर्नलमध्ये छापला जातो आणि ४ महिने कुणालाही हरकत घेता येते. नोंदणी १० वर्षांची, नंतर नूतनीकरण. मुंबईचं कार्यालय अँटॉप हिलला बौद्धिक संपदा भवनात आहे, पण बहुतेक काम घरबसल्या होतं.

एक युक्ती: लोगो काळ्या-पांढऱ्यात नोंदवा. रंगाची मर्यादा न घालता नोंदवलेलं चिन्ह कलम १० नुसार सगळ्या रंगांसाठी नोंदलेलं मानलं जातं.

१६. नाव ‘ठाणे पेट क्लिनिक’ आहे. लोगो नोंदवला की हे नाव दुसऱ्याला वापरता येणार नाही ना?

येईल. गावाचं नाव आणि धंद्याचं वर्णन मिळून झालेल्या शब्दांवर एकट्याचा हक्क मिळणं फार कठीण. चित्रासकट लोगो नोंदला गेला तरी संरक्षण त्या एकूण रूपाला मिळतं, सुट्या शब्दांना नाही. ‘पशुवैद्यकीय दवाखाना’ एवढंच लिहिलं तर आणखी एक घोटाळा: सरकारी दवाखान्यांच्या पाट्या ‘पशुवैद्यकीय दवाखाना, श्रेणी-१’ अशाच असतात, आणि लोक मोफत उपचार समजून येतात. नाव बदलायचं असेल तर लोगोच्या आधी बदला.

१७. नावापुढे टीएम की गोलातला आर?

टीएम आजपासून लावता येतं. गोलातला आर नोंदणी पूर्ण झाल्यावरच. त्याआधी लावणं कायद्याने वर्ज्य आहे.

१८. पुढे ग्रूमिंग आणि खाद्याचं दुकान काढायचं आहे. तोच लोगो?

लोगो तोच, नोंदणी वाढवावी लागेल. ग्रूमिंग वर्ग ४४ मध्येच बसतं. स्वतःच्या नावाने खाद्य विकायचं तर वर्ग ३१, दुकान वर्ग ३५, जनावरांची औषधं वर्ग ५. मात्र दवाखाना आणि दुकान दोन्हींवर अगदी एकच बोर्ड लावू नका. मालकाला आपण डॉक्टरकडे शिरतोय की दुकानात, हे दारातच कळलं पाहिजे.

१९. आम्ही दोघे भागीदार आहोत. वेगळे झालो तर लोगो कुणाचा?

ज्याच्या नावावर करार (प्र. १३) आणि नोंदणी (प्र. १५) असेल त्याचा. भागीदारीत असाल तर दोन्ही फर्मच्या नावावर घ्या आणि फुटल्यास काय, ते भागीदारीच्या करारात लिहा. आडनावाचा दवाखाना असेल तर गुंता वाढतो: दवाखाना विकला की आडनावही विकलं जातं, आणि मग मुलाने शेजारच्या सेक्टरला दवाखाना काढला तर नाव काय लावायचं?

२०. ‘ठाण्यातलं नंबर एक’, ‘२४ तास’ हे लोगोत घालावं का?

नंबर एक नको. भारतीय पशुवैद्यक परिषदेचे १९९२ चे आचारसंहितेचे नियम आहेत, जाहिरातबाजीवर त्यात बंधनं आहेत. बोर्डाचा मजकूर ठरवण्याआधी ते वाचा. ‘२४ तास’ लोगोबाहेर, वेगळ्या पट्टीवर. रात्रपाळीचा डॉक्टर सोडून गेला की पट्टी काढता येते.

२१. जुना लोगो सगळ्यांना माहीत आहे, पण अगदीच जुनाट दिसतो. बदलावा?

लोक ज्याने ओळखतात ती एक गोष्ट ठेवा, मग रंग असो वा एखादं अक्षर. नोंदलेल्या चिन्हात किरकोळ बदल कलम ५९ नुसार करता येतो. ओळखच बदलत असेल तर नवा अर्ज.

२२. बोर्ड कुणाला दिसतच नाही. समोर मेट्रोचे खांब आहेत.

घोडबंदर रोडची ही नेहमीची तक्रार. ढोबळ हिशोब असा: दर ३ मीटर अंतराला अक्षराच्या अंगाची २५ मिलिमीटर उंची. साठ मीटरवरच्या सर्व्हिस रोडवरून दिसायचं तर अर्धा मीटर उंच अक्षरं लागतात. तेवढी जागा नसेल तर मोठ्या बोर्डावर पैसे घालू नका. इमारतीला काटकोनात एक छोटा बोर्ड लावा, त्यावर फक्त चिन्ह आणि बाण. आधी महापालिकेच्या जाहिरात परवान्याचं आणि सोसायटीच्या परवानगीचं विचारून घ्या. नवी मुंबईत बऱ्याच इमारतींत सगळ्या गाळ्यांना एकाच मापाची पट्टी ठरलेली असते. तिथे आडवा लोगो लागतो, म्हणून डिझायनरकडून आडवी आणि चौकोनी अशी दोन्ही रूपं घ्या.

अक्षरं अ‍ॅक्रिलिकची कापून घेणार असाल तर देवनागरीचा एक फायदा आहे: शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात राहतो. अनुस्वार मात्र सुटा. पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात तोच पडतो, म्हणून त्याला मागून वेगळा स्क्रू मारायला सांगा.

२३. बोर्डवाला म्हणतो पीएनजी चालत नाही, ओपन फाइल द्या. म्हणजे काय?

म्हणजे रेषांची मूळ फाइल, जी कितीही मोठी केली तरी फाटत नाही. आपल्याकडचे बोर्डवाले कोरलड्रॉ या सॉफ्टवेअरवर काम करतात, त्यांना त्याची सीडीआर फाइल हवी. ईपीएस किंवा पीडीएफही चालते. अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसत्या रेषांत बदलून द्या, नाहीतर त्यांच्या संगणकावर फॉन्ट नसला की ‘द्य’ फुटून ‘द्‌य’ होतो आणि तसाच छापला जातो. काम संपताना डिझायनरकडून एकरंगी काळी आवृत्तीही मागा. रबरी शिक्क्यावर आणि थर्मल बिलावर तीच लागते. ती १२ मिलिमीटर रुंदीत छापून बघा; नाव वाचता आलं नाही तर शेवटचा हप्ता देऊ नका.